सेशेल्स : दुरावलेली भूमी, दुरावलेले आप्त

(वन्यजीव सप्ताहानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)

मुंबईच्या किनाऱ्यावरून नैऋत्येच्या रोखाने नकाशावर एक रेघ ओढली, तर सुमारे सव्वातीन हजार किलोमीटर अंतरावर, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, ती सेशेल्स नावाच्या द्वीपसमूहाशी येऊन थांबते. २९ जून १९७६ रोजी स्वतंत्र झालेले हे छोटेसे राष्ट्र शंभराहून अधिक बेटांचे आहे. सर्व बेटांची जमीन एकत्र केली तरी ती जेमतेम साडेचारशे चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास बृहन्मुंबईएवढीच भरते. माहे हे त्यातील सर्वांत मोठे बेट असून त्याच्या माथ्यावरील शिखर ९०५ मीटर उंच आहे.

या शिखराच्या उतारावर, धुक्याने भिजलेल्या अरण्यात, पालापाचोळ्याखाली एक बेडूक राहतो. पूर्ण वाढ झाल्यावरही त्याची लांबी एक सेंटिमीटरहून फारशी अधिक नसते. बोटाच्या नखावर तो सहज मावेल. चहूबाजूंनी शेकडो कोस खारे पाणी पसरले असताना हा इवलासा जीव तेथे पोहोचला कसा? प्रश्न साधा आहे; परंतु त्याचे उत्तर शोधू गेल्यास थेट पृथ्वीच्या इतिहासात आणि त्या इतिहासाच्या ओघात आपल्या सह्याद्रीपर्यंत यावे लागते.

बेटांच्या दोन जाती

बेडकाची त्वचा पातळ व ओलसर असते. तिच्यातून पाण्याची व क्षारांची देवघेव सहज होते. त्यामुळे समुद्राचे पाणी बेडकांना व त्यांच्या अंड्यांना बहुधा घातक ठरते. महासागरातील एकाकी बेटांवर बेडूक सहसा आढळत नाहीत याकडे चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लक्ष वेधले होते. पुढे १८८० मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी बेटांची मीमांसा करताना त्यांचे मूळ कोणते, हा प्रश्न अग्रभागी ठेवला. काही बेटे समुद्रतळातून ज्वालामुखीने वर उचललेली किंवा प्रवाळांनी रचलेली असतात. अशा बेटाचा जन्म होतो तेव्हा त्यावर गवताची काडीही नसते. जे काही येते ते वाऱ्यावर, लाटांवर किंवा पंखांवर येते. दुसऱ्या प्रकारची बेटे म्हणजे खंडापासून तुटलेले तुकडे. ती रिकाम्या हाताने निघत नाहीत. तुटतेवेळी अंगावर असलेली वनस्पती व प्राण्यांची शिदोरी घेऊनच ती सागरात लोटली जातात.

सेशेल्सचे वैशिष्ट्य असे की, या दोन्ही जातींची बेटे तेथे एकाच राष्ट्राच्या सीमेत नांदतात. माहे, प्रास्लिन यांसारखी मध्यवर्ती बेटे ग्रॅनाइटची आहेत. अल्दाब्रासारखी दूरची बेटे प्रवाळांची आहेत. एकाच महासागरातील या दोन प्रकारच्या बेटांवरील जीवसृष्टी परस्परांहून किती भिन्न आहे, हे पाहिले म्हणजे बेटाच्या पायाखालील खडक त्याच्या माथ्यावरील जीवन कसे घडवतो, हे स्पष्ट होते.

खडकाची साक्ष

माहे बेटावरील ग्रॅनाइटचे वय सुमारे ७५ कोटी वर्षे आहे. भर महासागरात अशा खडकाचे अस्तित्व ही असाधारण गोष्ट होय. कारण ग्रॅनाइट हा खंडांच्या घडणीतील पाषाण आहे आणि खोल समुद्राचा तळ बेसाल्टचा असतो. सेशेल्सची ग्रॅनाइट बेटे म्हणजे बुडालेल्या एका लहानशा खंडतुकड्याची पाण्याबाहेर उरलेली शिखरे आहेत.

एके काळी आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, मादागास्कर आणि भारत हे सारे एकाच महाखंडात सामावलेले होते. एडुआर्ड झ्यूस या भूशास्त्रज्ञाने त्याला गोंडवनभूमी असे नाव दिले. हे नाव मूळचे आपल्याच भूमीतले, मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून आलेले आहे. चंद्रपूरच्या खाणींतून निघणारा कोळसा ज्या थरांत सापडतो, ते थरही गोंडवन याच नावाने ओळखले जातात.

हा महाखंड टप्प्याटप्प्याने फुटत गेला. सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी भारत, मादागास्कर आणि सेशेल्स यांची संयुक्त भूमी आफ्रिकेपासून वेगळी होऊ लागली. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर मागे राहिले आणि भारत सेशेल्सला बगलेत घेऊन उत्तरेकडे सरकू लागला. त्यानंतर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात भूकवच फाटले आणि शिलारसाचे प्रचंड लोट बाहेर पडले. थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आपल्या गडकोटांचे काळे कातळ, वेरूळ-अजिंठ्याची लेणी ज्यांत कोरली गेली ते पाषाण, हे सारे त्याच उद्रेकाचे अवशेष होत. या घडामोडींच्याच काळात, सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, भारत व सेशेल्स यांच्यामध्ये नवा समुद्र उघडला. भारत पुढे जाऊन आशियाला भिडला. सेशेल्सचा तुकडा मागे राहिला.

या ताटातुटीच्या खुणा दोन्ही तीरांवर आहेत. पनवेलच्या परिसरात लाव्हारसाचे एरवी आडवे असणारे थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कललेले दिसतात. भूमी ताणली जाऊन खचल्याची ती निशाणी आहे. तिकडे सेशेल्समधील सिलुएट बेटावर जुन्या ग्रॅनाइटऐवजी दख्खनच्या उद्रेकाच्या आगेमागे निर्माण झालेले अग्निजन्य खडक आढळतात.

जहाजाबरोबर आलेले प्रवासी

आता त्या इवल्या बेडकाकडे वळता येईल. सेशेल्समध्ये त्याच्या कुळातील चार जाती आहेत आणि हे कूळ जगात अन्यत्र कोठेही नाही. ग्रॅनाइटच्या उतारावर साचलेल्या तळ्यांची वाण असल्याने या बेडकांच्या रीतीही निराळ्या आहेत. एका जातीची पिल्ले बेडूकमाशाच्या अवस्थेत आईच्या पाठीवर बसून वाढतात, तर सर्वांत लहान जातीच्या अंड्यांतून थेट चिमुकले बेडूकच बाहेर पडतात. या लहान बेडकाला मधला कान नाही. तरीही तो ऐकतो. त्याच्या तोंडाची पोकळीच ध्वनी पोहोचविण्याचे काम करते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

या कुळाचे जिवंत नातलग कोणते, हे कोडे दीर्घकाळ सुटलेले नव्हते. २००३ मध्ये एस. डी. बिजू व फ्रँकी बोसाइत या शास्त्रज्ञांनी केरळातील इडुक्की जिल्ह्यातून एका विलक्षण बेडकाची नोंद केली. फुगीर, जांभळट देहाचा आणि टोकदार नाकाचा हा बेडूक वर्षभर जमिनीखाली राहतो आणि पावसाळ्याच्या आरंभी काही दिवसच प्रजननासाठी वर येतो. त्याच्या नाकावरून आणि त्याच्या गिरिनिवासावरून त्याला ‘नासिकाबट्राकस सह्याद्रेन्सिस’ असे नाव देण्यात आले. आनुवंशिक तपासणीत त्याचे सर्वांत जवळचे आप्त निघाले ते सेशेल्सचे बेडूक! दोन्ही वंशशाखा भूमी दुभंगण्याच्याही फार पूर्वी विभागल्या होत्या. पण त्या एकाच भूमीवर नांदत होत्या. भूमी फाटली तेव्हा एक शाखा या तीरावर राहिली, दुसरी त्या तीरावर गेली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने याहूनही जवळचा दुवा देवगांडुळांचा आहे. देवगांडूळ दिसायला गांडुळासारखे असले तरी ते गांडूळही नव्हे आणि सापही नव्हे. तो बेडकाच्या वर्गातला, पाठीचा कणा असलेला, पायांवाचून जमिनीखाली वावरणारा उभयचर प्राणी आहे. सेशेल्समध्ये देवगांडुळांच्या अर्ध्या डझनाहून अधिक जाती आहेत आणि त्यांचे निकटचे नातलग पश्चिम घाटात राहतात. त्यांपैकी एका जातीचे वर्णन १९६० मध्ये एडवर्ड टेलर यांनी खंडाळ्याच्या नमुन्यावरून केले. २००३ मध्ये आंबोलीहून एक आणि २००४ मध्ये कोयनेच्या परिसरातील हुंबर्ली येथून आणखी एक नवी जाती शास्त्राला ज्ञात झाली. यातील एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. खंडाळा व कोयना ही स्थळे लाव्हारसाच्या भूमीवर आहेत. उकळत्या शिलारसात कोणताही जीव तग धरणे शक्य नव्हते. म्हणजे या देवगांडुळांचे पूर्वज लाव्हारस निवून, झिजून, त्याची माती झाल्यानंतरच शेजारच्या सुरक्षित प्रदेशातून इकडे सरकले असले पाहिजेत. भूमीचा इतिहास प्राण्यांना केवळ वाहून नेत नाही. तो त्यांना हुसकावतो आणि पुन्हा जागाही करून देतो.

दर्याचा नारळ

वनस्पतींत या द्वीपसमूहाचे भूषण म्हणजे मुंबईच्या बाजारात ‘दर्याचा नारळ’ या नावाने पूर्वापार ठाऊक असलेले जोडफळ. फकिरांच्या हातातील काळे, नावेसारखे भिक्षापात्र याच्याच करवंटीचे असे. मालदीवच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर येणारे हे फळ कोठून येते, हे शतकानुशतके कोणास माहीत नव्हते. ते समुद्राच्या तळाशी उगवते, असाही समज होता. गोव्यात वास्तव्य केलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात ‘मालदीवचा नारळ’ म्हणून त्याची चर्चा केली आहे. त्याचे खरे माहेर प्रास्लिन बेट आहे, हे १७६८ मध्ये उघडकीस आले.

वस्तुतः हा नारळ नव्हेच. तो आपल्या ताडाच्या गोतावळ्यातील वृक्ष आहे. त्याचे बी वनस्पतिसृष्टीतील सर्वांत वजनदार असून ते २५ किलोग्रॅमपर्यंत भरू शकते. फळ पिकण्यास सहा-सात वर्षे लागतात. ताजे, सजीव बी पाण्यात बुडते; आतील गर कुजून पोकळ झालेली करवंटीच तेवढी तरंगते. याचा अर्थ, मालदीवला पोहोचलेले प्रत्येक फळ निर्जीव होते. म्हणूनच प्रास्लिन व शेजारचे क्यूरियूझ ही दोन बेटे सोडून हा वृक्ष निसर्गतः कोठेही रुजला नाही. ग्रॅनाइटची माती निकस असते. त्यावर या वृक्षाने स्वतःचाच उपाय योजला आहे. त्याची पन्हळीसारखी विशाल पाने पावसाचे पाणी आणि त्याबरोबर पराग, पालापाचोळा व पक्ष्यांची विष्ठा बुंध्याशी आणून सोडतात. परिणामी बुंध्याजवळची माती आसपासच्या मातीहून सकस होते. प्रास्लिनवरील ‘व्हाले द मे’ या दरीतील या वृक्षांचे वन १९८३ मध्ये जागतिक वारसास्थळ म्हणून घोषित झाले.

माहेच्या उघड्या कातळांवर आणखी एक एकाकी वृक्ष आहे. त्याचे फळ उमलल्यावर समुद्रातील जेलीफिशसारखे दिसते. तो नामशेष झाला असेच समजले जात होते. १९७० मध्ये त्याची मोजकी झाडे पुन्हा सापडली. त्याच्याच सोबतीला कीटकभक्षी घटपर्णीची एक स्वतंत्र जाती येथे वाढते.

लाटांवरून आलेले पाहुणे

तथापि, सेशेल्सचे सारेच रहिवासी भूमीबरोबर आले, असे समजणे योग्य होणार नाही. येथील वृक्षबेडकाचे नाते मादागास्करशी जुळते आणि शॅमेलिऑन सरड्याचे आफ्रिकेशी. भूमी तुटून युगे लोटल्यानंतर हे जीव वाहून आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवरून आले असावेत. बेडकांना समुद्र दुर्लंघ्य असतो हा नियम खरा. पण कोट्यवधी वर्षांच्या अवधीत एखादा अपवाद पुरेसा होतो.

राक्षसी कासवांना तर तराफ्याचीही गरज नसते. ती तरंगतात आणि अन्नपाण्यावाचून दीर्घकाळ राहू शकतात. डिसेंबर २००४ मध्ये टांझानियाच्या किनाऱ्यावर असे एक कासव चालत पाण्याबाहेर आले. त्याच्या पायांना समुद्रात वाढणारे कवचधारी जीव चिकटलेले होते. त्यांच्या आकारावरून कासवाने कित्येक आठवडे सागरात काढले होते, असे अनुमान निघाले. जे पुस्तकात तर्काने मांडले जात होते, ते एका कासवाने प्रत्यक्ष करून दाखविले. उलटपक्षी, जमिनीवरील सस्तन प्राणी येथे स्वबळावर पोहोचले नाहीत. सेशेल्सचे मूळचे सस्तन म्हणजे केवळ वटवाघळे. तीही पंखांच्या आधाराने आलेली.

सागराची भरती-ओहोटीही या इतिहासात मोठी भूमिका बजावते. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरने खाली होती. तेव्हा ग्रॅनाइट बेटांभोवतालचा उथळ समुद्रतळ उघडा पडून आजच्या बेटांच्या शंभरपटीहून मोठी अखंड भूमी तयार झाली होती. बर्फ वितळले, पाणी चढले, आणि त्या भूमीची शिखरे तेवढी पुन्हा बेटे म्हणून उरली. माहेचा माथा मात्र पाण्याखाली कधीच गेला नाही; म्हणून त्यावरील जुने प्रवासी वाचले.

पुसलेली पाटी

अल्दाब्राचे तसे झाले नाही. माहेच्या नैऋत्येस अकराशे किलोमीटरवर असलेले हे प्रवाळांचे कंकणद्वीप समुद्रसपाटीपासून काही मीटरच वर आहे. सुमारे १ लाख ३६ हजार वर्षांपूर्वी समुद्र चढला तेव्हा ते संपूर्ण बुडाले आणि त्यावरील स्थलचर जीवन पाटी पुसावी तसे पुसले गेले. त्या वेळी तेथे पाणकोंबडीच्या कुळातील, उडता न येणारा एक पक्षी राहत होता. अर्थात तोही संपला. पुढे पाणी ओसरल्यावर मादागास्करकडील त्याच मूळ जातीचे, उडते पक्षी पुन्हा येथे आले आणि शत्रूच नसलेल्या या बेटावर काही सहस्र वर्षांत पुन्हा उड्डाणशक्ती गमावून बसले. दोन्ही काळांतील जीवाश्म तपासून ज्युलियन ह्यूम व डेव्हिड मार्टिल यांनी २०१९ मध्ये हा निष्कर्ष मांडला. आज हा पक्षी आणि सुमारे एक लाख राक्षसी कासवे ही अल्दाब्राची ओळख आहे. १९८२ मध्ये हे बेट जागतिक वारसास्थळ झाले.

या दोन बेटांचा इतिहास शेजारी ठेवला म्हणजे एक गंभीर गोष्ट लक्षात येते. अल्दाब्राचा पक्षी नष्ट झाला, तरी त्याची मूळ जाती दुसऱ्या तीरावर जिवंत होती. म्हणून निसर्गाला तो धडा पुन्हा गिरवता आला. माहेच्या बेडकाला असा दुसरा तीर नाही. ज्या भूमीतून तो निघाला ती भूमी फुटून गेली, ते महाखंड राहिले नाहीत आणि तो प्रवास पुन्हा घडणार नाही. पाहुणा गेला तर पुन्हा येऊ शकतो; घरचे माणूस गेले की घर कायमचे रिते होते.

मनुष्याचे आगमन

सेशेल्समध्ये मनुष्याची कायम वस्ती १७७० मध्ये झाली. कोट्यवधी वर्षांच्या इतिहासात अडीच शतके म्हणजे पापणी लवण्याइतकाच अवधी. पण तेवढ्यात उंदीर व मांजरे उतरली, अरण्ये तोडली गेली, दालचिनीच्या झाडांनी डोंगर व्यापले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्रॅनाइट बेटांवरील राक्षसी कासवांची रानटी वस्ती संपुष्टात आली. तेथील दयाळ पक्षी एका बेटावर विसांच्या आत उरले.

तरीही ही कथा केवळ विनाशाची नाही. १९६८ मध्ये कझिन नावाचे लहानसे बेट पक्ष्यांच्या रक्षणासाठी विकत घेण्यात आले. तेथील वटवट्या पक्ष्याची संख्या तेव्हा तिसांहूनही कमी होती. नारळाच्या बागेच्या जागी देशी वृक्षांना वाव देण्यात आला, १९८८ पासून काही पक्षी इतर बेटांवर नेऊन सोडण्यात आले आणि आज त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास पोहोचली आहे. दयाळ पक्षीही आता अनेक बेटांवर दिसतो. डोंगरमाथ्यावरील बेडकांपुढे मात्र निराळेच संकट आहे. हवामान तापले तर ओलावा शोधत त्यांना वर सरकावे लागेल, आणि ९०५ मीटरच्या वर माहेत जमीनच नाही.

आपल्या दारातील बेटे

श्रोतेहो, या दूरच्या बेटांचा महाराष्ट्राला बोध काय? चहूबाजूंनी पाणी असले म्हणजेच बेट होते, असे नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरील कातळसडे, आंबोलीसारखी दाट धुक्याची अरण्ये, कोयनेच्या खोऱ्यातील गर्द राने हीदेखील सभोवतालच्या कोरड्या, नांगरलेल्या, बांधकामांनी वेढलेल्या प्रदेशात बेटांप्रमाणेच उभी आहेत. कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही महाराष्ट्रातील स्थळे २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झाली, ती याच दुर्मीळ जीवसंपदेमुळे.

पावसाळ्यात शेताच्या बांधावर, शेणखताच्या ढिगाऱ्याखाली किंवा दगडाआड देवगांडूळ दिसले की सापाचे पिल्लू समजून पुष्कळदा त्याला ठेचले जाते. ते बिनविषारी व निरुपद्रवी आहे. गांडुळे व वाळवी यांसारख्या जिवांवर ते जगते. त्याला उचलून ओल्या मातीत सोडून देणे एवढेच करावयाचे असते. त्यासाठी निधी लागत नाही की कायदा लागत नाही, ओळख लागते. शाळाशाळांतून, ग्रामसभांतून ही ओळख करून दिली गेली पाहिजे.

खंडाळ्याच्या मातीत आणि माहेच्या डोंगरात, मध्ये अवघा अरबी समुद्र व हिंदी महासागर पसरलेला असताना, एकाच कुळाचे आप्त राहतात. भूमीने त्यांना दूर केले, पण दोहोंना सांभाळलेही. सहा कोटी वर्षे भूमीने जे जपले, ते एका पिढीच्या अज्ञानामुळे हातचे जाऊ नये, एवढी दक्षता घेणे दोन्ही तीरांवरच्या माणसांच्या हाती आहे.